फ्रीजमधला मासा आणि द्राक्षाचा चोथा

नमस्कार मंडळी. आज रविवार, त्यामुळे बऱ्याच घरात मासळी आलेली असणार, कुणाकडे गंगापूर धरणाचा रोहू-कटला तर कुणाकडे कसारा घाट चढून आलेला बांगडा, आणि आणल्या आणल्या आपण काय करतो तर ती पातळ प्लास्टिकची पिशवी गाठ मारून तशीच फ्रीजमध्ये कोंबतो. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे म्हणे, पण मासळीबाजारात पिशवी मागावी पण लागत नाही, आपोआप हातात येते!

बरं, फ्रीजमध्ये ठेवलं म्हणजे झालं असं नसतं. थंडीत जंतू मरत नाहीत, नुसते मंदावतात, काही तर थंडीतच मजेत वाढतात, शिवाय बांगड्यासारख्या तेलकट माशाची चरबी हवेने खवट होते ती वेगळीच. बर्फात ० अंशाला मासा जेवढा टिकतो त्याच्या निम्मासुद्धा ५ अंशाला टिकत नाही.

यावर जगभर काम चाललंय ते वनस्पतींपासून बनवलेल्या फिल्मवर, म्हणजे मासा गुंडाळायच्या पातळ वेष्टनावर. मक्याचा स्टार्च, फळांच्या सालीतलं पेक्टिन, समुद्री शेवाळातलं अल्जिनेट असलं काहीतरी घ्यायचं, तडकू नये म्हणून थोडं ग्लिसरीन, आणि जंतू रोखायला लवंगेचं तेल. आणि इथेच आपल्या नाशिकचा माल कामाला येतो बघा. वायनरीत लाल द्राक्षाचा जो चोथा उरतो ना, त्याच्या सालीत अँथोसायनिन नावाचा रंग असतो, तो फिल्ममध्ये घालता येतो. मासा खराब व्हायला लागला की अमोनियासारखे वायू सुटतात आणि फिल्मचा लालसर रंग निळा-हिरवट व्हायला लागतो, हळदीच्या डागाला साबण लागल्यावर तो लाल होतो तसंच काहीसं. मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं, कारण कल्ले उघडून बघायची सवय सगळ्यांना नसते, आणि तुकडे करून आणलेल्या माशाला कल्ले कुठले!

अडचण अशी की स्टार्चची फिल्म पाण्याने मऊ पडते आणि मासा तर ओलाच. मग मेणाचा थर द्या, आणखी काही मिसळा, की खर्च वाढला. मक्यापासूनचं पीएलए नावाचं प्लास्टिक पाण्याला दाद देत नाही, पण ते घरच्या कुंडीत कुजतही नाही, त्याला ६० अंशांच्या आसपास तापलेलं कंपोस्ट लागतं, तेव्हा पिशवीवर हिरवं पान छापलंय म्हणून लगेच भुलू नका.

आणि असली फिल्म आली तरी बर्फ सुटणार नाहीच. तोपर्यंत बाजारात जाताना स्टीलचा डबा न्या, घरी आल्यावर मासा धुऊन नीट कोरडा करा, फ्रीजच्या सगळ्यात थंड खणात ठेवा आणि उद्यापर्यंत संपवा, नाहीतर सरळ मीठ-हळद लावून फ्रीजरला टाका.