तापलेली पद्मिनी

(दृश्य: आंबोलीचा बाजार, भर दुपार. रस्त्याकडेला बॉनेट उघडलेली पांढरी प्रीमियर पद्मिनी.)

दाणोलीपासून घाट चढताना ही कुठेच अडली नाही. आंबोलीत चहाला थांबलो, पंधरा मिनिटांनी चावी फिरवली, तर स्टार्टर नुसताच फिरत राहिला.

१०८९ सीसीचं हे इंजिन मुळात फियाट ११००चं. सकाळी वेंगुर्ल्यात एका चावीत चालू झालं होतं. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, पण उष्णता बॉनेटखाली कोंडून राहते. त्या दहा-पंधरा मिनिटांत कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापतो. त्यातलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीत, ठिबकतं. नाहीतर पंपात, नळीत वाफ अडकते आणि पेट्रोल वर येतच नाही. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने हा त्रास वाढलाय.

बरेच जण गाडी थंड व्हायची वाट बघतात. ती चालू होते, पण दुखणं कळत नाही. तपासायचं ते गरम असतानाच. फडक्याने धरून एक स्पार्क प्लग काढा. ओला निघाला, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय, तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरायचा आणि स्टार्टर मारायचा. सारखा दाबत-सोडत राहिलात तर दर वेळी आणखी पेट्रोल आत जातं. प्लग कोरडा असेल, म्हणजे पेट्रोल वर येत नसेल, तर गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर आणि नळीवर ओलं फडकं गुंडाळा. आणि चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा खटका, ओढू नका. आमचे मेस्त्री तर बजावूनच सांगतात, "गाडी तापली की चोकाक हात लावचो नाय."

प्लगची ठिणगीही बघा. ती पिवळट, मरगळलेली पडली, तर ठिणगीसाठी लागणाऱ्या भागांपैकी कॉइल किंवा कंडेन्सर बघायचा. ठिणगी बघताना सांडलेलं पेट्रोल जवळपास नको, हे कळकळीने सांगतो.

आमचा प्लग ओला होता. ॲक्सिलरेटर दाबून धरला, गाडी चालू झाली. पण स्टार्टर जड फिरला होता, ते डोक्यातून जाईना.

(दृश्य: वेंगुर्ला, गॅरेज. अर्थिंगच्या पट्टीचा जवळून शॉट.)

मेस्त्रींनी इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी सोडवली. वरून धड दिसत होती. बोटांनी वाकवली, तशी तांब्याच्या विणीतून हिरवी पूड झडली. खारी हवा! बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती, पण करंट वाटेतच अडत होता. थंड स्टार्टर तेवढ्यावर निभावून नेई, तापलेल्याला ते झेपत नव्हतं.

नवी पट्टी लावण्याआधी त्यांनी दोन्ही टोकांखालचा रंग पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला. बोल्ट आवळले, वरून ग्रीस फासलं.

"आता मार स्टार्टर."