आत्तीचं गंजलेलं कपाट

(दृश्य: पांढऱ्या बशीत उभा एक प्लास्टिकचा सैनिक. शेजारी खायच्या सोड्याची पुडी.)

उंची अंगठ्याच्या दोन पेरांएवढी. चिलखत फुटलंय, पोट फाटून आतडं बाहेर आलंय, शिरस्त्राणाला एकच शिंग. अजून रंगाचा पत्ता नाही, नुसता काळा प्रायमर मारलाय. तरी आई जाता जाता म्हणालीच, "कसलं रं हे ध्यान? जेवायच्या टेबलावरनं उचल आधी."

उचललं. आता खिडकीत बसलोय. बाहेर पाऊस आहे, म्हणजे निदान संदर्भाला तोटा नाही.

खेळाचं नाव वॉरहॅमर 40,000. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही कंपनी तो काढते, पहिली आवृत्ती 1987 ची. टेबलावर दोन फौजा मांडायच्या, टेपनं इंच मोजत पुढं सरकवायच्या, फासे टाकायचे. पण त्याआधी सैनिक सुटे भाग कापून, चिकटवून, रंगवून तयार करावे लागतात आणि माझ्यासारखे पुष्कळ जण तिथंच अडकतात. मी खेळतो कमी, रंगवतो जास्त.

आजचा गडी डेथ गार्ड फौजेतला. गोष्टीत यांचं चिलखत एकेकाळी हाडासारखं पांढरट होतं, कडेला हिरवा रंग. सेनापती मॉर्टेरियन. जहाजं भर प्रवासात अडकली, आत रोग पसरला, आणि हाल असे की मरणही येईना. शेवटी सेनापतीनं नर्गल नावाच्या रोगाच्या देवापुढं मान तुकवली. तेव्हापासून ही फौज सडते, पण मरत नाही. नर्गल मात्र चिडका नाही. हसरा, ढेरपोट्या. भक्त त्याला आजोबा म्हणतात. रोगराई हा त्याचा प्रसाद.

परदेशी लोकांना हे अजब वाटत असेल. आपल्याला वाटायचं कारण नाही. "देवी आल्या" म्हणणारी माणसं आपण. 1980 साली तो रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं, पण माझ्या आजोबांच्या गालावरचे व्रण शेवटपर्यंत देवीचेच होते. आजही आमच्या कोल्हापुरात आषाढात मंगळवार-शुक्रवारी पंचगंगेचं नवं पाणी पी-ढबाक वाद्यांच्या तालावर टेंबलाई देवीला जातं. तेव्हा नर्गल आजोबांची ओळख मला कुणी करून द्यावी लागली नाही.

(दृश्य: कपाटाच्या मागचा जुना डबा. आत तपकिरी, एकसारखे माखलेले सहा सैनिक.)

हे माझे पहिले सहा. दाखवायला लाज वाटते, पण दाखवतो. सडका दिसायला पाहिजे म्हणून मी तपकिरी वॉश डोक्यापासून पायापर्यंत ओतला. वॉश म्हणजे पाण्यासारखा पातळ गडद रंग, खाचाखोचांत जाऊन बसतो. वरून लाल चकचकीत रक्त शिंपडलं. झालं काय? आजारी कुणीच दिसेना. सगळे गुऱ्हाळाच्या चिखलात पडून उठल्यासारखे.

चूक कुठं झाली ते मला शाहूपुरीत कळलं, आत्तीच्या घरी.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी. पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. आत्तीच्या घरात शिरलेलं पाणी बरेच दिवस हललं नाही. ओसरल्यावर आम्ही चिखल काढला, भांडी घासली, अंथरुणं टाकून दिली. लोखंडी कपाट तेवढं राहिलं, कारण त्याला उचलणार कोण? पुढं कधीतरी मी चहाला गेलो आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसलो.

"काय बघाय लागलायस रं बाळा? भंगारात घालायचंय ते."

"थांब की आत्ती. दोन फोटो काढतो."

"गंजाचं फोटो! शिकून सवरून हेच करा."

(दृश्य: कपाटाचा फोटो, हळूहळू जवळ जात.)

बघा. वरच्या निम्म्या भागाला काही झालेलं नाही. कारखान्यातून आला तसा राखाडी रंग. मग पुराची रेघ, बोटभर रुंद, मातकट. रेघेच्या खाली रंगाला फोड आलेत. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, त्यामुळं वरचा रंग आतून फुगतो आणि फुटतो. फुटलेल्या फोडाच्या मधोमध जुना गंज, जवळजवळ काळा. कडेला ताजा, नारिंगी. आणि बिजागरीच्या प्रत्येक स्क्रूखालून एक ओघळ, सरळ खाली, जाता जाता फिकट होत गेलेला.

कपाट सगळीकडं गंजलेलं नव्हतं. जिथं पाणी थांबलं तिथं गंजलं, जिथून वाहिलं तिथं ओघळ. माझे सहा सैनिक कुठून भिजले होते, हे मला सांगता आलं नसतं.

तेव्हापासून ब्रश उचलायच्या आधी मी गड्याला फिरवून बघतो. खांद्यावर पाऊस पडला तर पाणी कुठं साचेल? चिलखताच्या दोन पत्र्यांमधल्या फटीत. खिळ्याच्या डोक्याखाली. गुडघ्याच्या वाटीत. तेवढ्याच जागा धरायच्या. बाकीचं चिलखत चक्क स्वच्छ ठेवायचं, कडा उजळायच्या. बिनगंजलेला पत्रा शेजारी नसेल तर गंज दिसणार कशावर?

(दृश्य: स्पंजचा तुकडा चिमटीत. टिपटिप टिपले जाणारे ठिपके.)

गडद तपकिरी रंगात खायचा सोडा. प्रमाण विचारू नका, पिठल्यासारखं दाट झालं की थांबायचं. फाटक्या स्पंजनं टिपायचं, ब्रशनं ओढायचं नाही. वाळलं की नारिंगी, फक्त कडांना. ओघळासाठी मात्र तैलरंग. खालच्या अ‍ॅक्रिलिकवर, म्हणजे पाण्यात कालवायच्या रंगावर, वॉर्निशचा हात दिलेला असला की वर तैलरंग खेळवता येतो, खालचं बिघडत नाही. खिळ्याखाली सुईच्या टोकाएवढा ठिपका ठेवायचा, टर्पेंटाइनमध्ये ओलावलेला ब्रश कोरडा करून एकदाच खाली ओढायचा. हात थरथरला तर कापसाच्या काडीनं पुसायचं, परत ठिपका.

पितळी भाग असेल तर गंज चालत नाही, तिथं कळंक हवा. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं, तोच निळसर हिरवा. हा मी पाण्यात पार पातळ करून नक्षीच्या खाचेत सोडतो. जरा जास्त झाला की खेळण्यासारखा दिसतो, म्हणून हात आखडता.

(दृश्य: सैनिकाचं उघडं पोट, भिंगाखाली.)

कातडीचं शिक्षण तालमीतलं. माझा एक मित्र गंगावेस तालमीत जायचा. एकदा मांडीवर मार घेऊन आला आणि मी दहा दिवस त्याच्या मांडीचे फोटो मागत राहिलो. त्यानं दिलेल्या शिव्या निवेदनात बसत नाहीत. पण रंगांचा क्रम हाती आला: आधी लाल, मग काळानिळा, आठवड्याभरात हिरवट, शेवटी पिवळा. साकळलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन मोडत जातं, आधी हिरवं बिलिव्हर्डिन होतं, मग पिवळं बिलिरुबिन. म्हणून या पोटाच्या जखमेत आत जांभळा, त्याभोवती हिरव्याची झाक, सगळ्यात बाहेर पिवळा. सगळे इतके पातळ की एकेक हात दिसतच नाही. पाच-सहा हात झाल्यावर अचानक पोट दुखायला लागल्यासारखं वाटतं.

रक्त मी जवळजवळ सोडलंय. या शहरात ते कधीच वापरून झालंय. बाबूराव पेंटरांच्या 1920 च्या 'सैरंध्री' या मूकपटातला कीचकवध इतका खरा वाटला, की तो प्रसंग कापायला लावला होता. शंभर वर्षांपूर्वी, स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यानं. त्यांच्या गावात बसून मी लाल रंग शिंपडून कुणाला दचकवणार?

(दृश्य: गॅलरी. पाऊस. दोरीवर कपडे, खाली चपलांचा जोड.)

एक फजिती सांगतो. जुलैत मी या गॅलरीत मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, वॉर्निशचा स्प्रे मारला. हवेत एवढी ओल असताना मारू नये, हे डब्यावर लिहिलेलं असतं. वाचतं कोण? पंधरा मिनिटांत पाचही सैनिकांवर पांढुरकी साय. चौघांना ग्लॉस, म्हणजे चकचकीत, वॉर्निशचा हात देऊन बऱ्यापैकी वाचवलं. पाचवा तसाच ठेवला, कारण त्याच्या चामडी पट्ट्यावरची ती साय मी त्याच गॅलरीत, त्याच आठवड्यात पाहिली होती. माझ्या कोल्हापुरी चपलेवर. बुरशी अंगठ्याच्या खळग्यापासून सुरू झाली होती, घाम मुरतो तिथून.

आता शेवटचं काम. फाटलेल्या पोटातून लोंबणारी चिकट तार. तार धरणारा पारदर्शक गोंद काडीच्या टोकावर घ्यायचा, टेकवायचा, ओढायचा. काकवी झाली का बघायला बोटांत धरतात तशी. वाळली की पिवळसर हिरवा पातळ रंग आणि वर ग्लॉस, म्हणजे ओली दिसते. बाकी सगळा गडी मॅट, चमक फक्त इथं आणि डोळ्यात.

(दृश्य: सगळ्यात बारीक ब्रश. पोटावर पिवळे ठिपके.)

आणि हे फोड. नर्गलचा आकडा सात. डेथ गार्डच्या तुकड्याही सातच. म्हणून फोड मोजून सात. एक, दोन, तीन... बेंबीजवळचे दोन धरून सहा, सात...

आठ झाले.

ओला ब्रश द्या जरा इकडं. वाळायच्या आत एक पुसतो.