‘आई गं, आई गं’ नावाचा आजार

जपानीत ‘इताई’ म्हणजे दुखतंय. ‘इताई-इताई’ हे एका आजाराचं नाव आहे. मराठीत त्याला सरळ ‘आई गं, आई गं’ म्हणावं लागेल. पेशंटच्या कण्हण्यावरूनच ते नाव पडलंय.

जपानच्या तोयामा भागातल्या शेतकरी बायका. बहुतेकींनी पन्नाशी गाठलेली, बरीच बाळंतपणं झालेली. खोकला आला तरी बरगडी मोडायची. उंची कमी व्हायची. गावात लोक म्हणायचे, मागच्या जन्माचं पाप. डॉ. नोबोरू हागिनो तिथलेच. दुसऱ्या महायुद्धावरून परत येऊन त्यांनी दवाखाना पुन्हा सुरू केला. त्यांनाही आधी वाटलं, कष्ट जास्त आणि खाणं कमी, म्हणून होत असेल.

आता हा नकाशा बघा. (नकाशा स्क्रीनवर) ही जिंझू नदी. प्रत्येक पेशंटच्या घरावर एक ठिपका. सगळे ठिपके जिंझूचं पाणी घेणाऱ्या गावांतच पडतात. शेजारच्या नदीवर शेती करणाऱ्या गावात बायका तेवढ्याच राबतात, जेवतातही तसंच. तिथे ठिपका नाही. मग नदीच्या वर वर जा... कामिओका. मित्सुई कंपनीची जस्ताची खाण आणि भट्टी.

जस्ताच्या खनिजात थोडं कॅडमियम असतंच, हा एक विषारी धातू. खनिज पिठासारखं दळून जस्त काढलं की उरलेला गाळ नदीत जायचा. नदीतून पाटात, पाटातून भाताच्या खाचरात. पाणी जिथून खाचरात शिरतं त्या तोंडाशी रोपं सगळ्यात खुरटलेली असायची आणि कॅडमियमही तिथेच जास्त. म्हणजे शेतानं केव्हाच सांगितलं होतं, ऐकणारं कोणी नव्हतं.

भातातून ते पोटात, पोटातून मूत्रपिंडात. तिथे ते दहा-वीस वर्षं मुक्काम ठोकतं. एरवी मूत्रपिंड कॅल्शियम आणि फॉस्फेट गाळून परत रक्तात घेतं. ते काम बिघडलं की दोन्ही लघवीतून वाहून जातात आणि हाडं मऊ पडतात. बायकाच का जास्त? अंगात लोह कमी असेल तर आतडं कॅडमियम जास्त ओढून घेतं. बाळंतपणांनी झिजलेल्या बाईच्या अंगात लोह कुठून असणार!

1968 मध्ये जपान सरकारने मान्य केलं की हा प्रदूषणाचा आजार आहे. त्याच वर्षी पीडित कंपनीविरुद्ध कोर्टात गेले. 1971 मध्ये जिंकले, 1972 मध्ये अपिलातही जिंकले. पण खरं रखडलं ते मातीचं काम. नदी वाहती असते, वरून घाण थांबली की ती हळूहळू निवळते. माती जागची हलत नाही, आणि धातू काही कुजत नाही. शेवटी खराब माती खाली गाडली, वर दगडगोट्यांचा थर दाबला, त्यावर बाहेरून आणलेली चांगली माती पसरली. 863 हेक्टर. 1979 ला सुरू झालेलं काम 2012 ला संपलं.

जपानमध्ये जिथे थोडं कॅडमियम उरलंय, तिथे शेतकरी भात निसवायच्या सुमारास खाचरात पाणी तुंबवून ठेवतात. पाण्याखाली कॅडमियम गंधकाशी जखडून बसतं. पाणी काढलं की सुटतं आणि दाण्यात जातं. (गंमत म्हणजे पाणी तुंबवलं की आर्सेनिक वाढतं. धातूंचं असं आहे, एकाला दाबावं तर दुसरा वर येतो.)

या सगळ्या प्रकरणात मला भरपाईपेक्षा मोठी वाटते ती एक अट. अपिलाचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी गावकऱ्यांनी कंपनीकडून लिहून घेतलं: आम्हाला वाटेल तेव्हा आम्ही कारखान्यात शिरून तपासणी करणार, तज्ज्ञ आमचे, खर्च तुमचा. 1972 पासून शेतकरी, वकील आणि शास्त्रज्ञ दर वर्षी त्या गेटातून आत जातात, मोऱ्या बघतात, पाण्याचे नमुने घेतात. खाण 2001 मध्ये बंद झाली. भट्टी चालू राहिली, आणि तपासणीही.