शॉटगन माइक : शूटिंगच्या आदल्या रात्री आणि जागेवर

नागपुरात मे महिन्यात घरात शूटिंग म्हटलं की पहिला प्रश्न कूलरचा. बंद केला तर कलाकार घामाघूम, चालू ठेवला तर संवादाखाली घरघर. मग कोणीतरी म्हणतंच, ‘शॉटगन आहे ना, काय काळजी?’ शॉटगन म्हणजे लांब नळीचा माइक; तो समोरचंच ऐकतो, बाकी सगळं कापतो, असं समजतात. आधी हा गैरसमज दूर करू.

शॉटगनची कॅप्सूल, म्हणजे आवाज टिपणारा भाग, नळीच्या मागच्या टोकाला असते. समोरचा आवाज नळीतून सरळ तिच्यापर्यंत येतो. बाजूचा आवाज नळीवरच्या वेगवेगळ्या फटींतून मागेपुढे पोचतो आणि आपसातच कापला जातो. पण त्यासाठी आवाजाची तरंगलांबी नळीपेक्षा आखूड लागते. २५ सेंटीमीटरची नळी साधारण १४०० हर्ट्झच्या वरच नीट काम करते. मोटरचा १०० हर्ट्झचा गुणगुणाट, वर्धा रोडवरच्या ट्रकची गडगड त्याच्या कितीतरी खाली. तिथे नळीचा उपयोग नाही; कॅप्सूलची स्वतःची दिशा असेल तेवढीच मदत.

आता आदल्या रात्रीचं काम. सुरुवात केबलपासून करा, कारण बहुतेक वेळा माइक बिघडलेला नसतोच. एक्सएलआर, म्हणजे माइक केबलच्या तीन पिनांच्या कनेक्टरची पिन १ ग्राउंड, २ आणि ३ वर सिग्नल. ४८ व्होल्टचं फँटम, म्हणजे रेकॉर्डरकडून केबलमधूनच माइकला मिळणारी वीज, २ आणि ३ वरून जातं आणि १ वरून परततं. केबलच्या माइककडच्या टोकाला मल्टिमीटर लावा : १-२ आणि १-३ मध्ये ४४ ते ५२ व्होल्ट, २-३ मध्ये शून्य. रेकॉर्डरच्या सॉकेटवर नव्हे, बूमवर (माइक धरायच्या लांब काठीवर) जाणाऱ्या त्याच केबलवर मोजा. मग फँटम बंद करून माइक जोडा, फँटम सुरू करा, अर्धा मिनिट थांबा. हेडफोन लावून केबलची दोन्ही टोकं हलवा. खरखर आली तर त्या केबलला लाल टेप लावून बाजूला ठेवा. पुन्हा पिशवीत गेली की ती शूटिंगच्या दिवशी नेमकी हातात येते.

दिशा तपासायला किल्ल्यांचा जुडगा पुरतो. दोन फुटांवरून वाजवत माइकभोवती फिरा. समोर किणकिण लख्ख, बाजूला बोथट, मागे पुन्हा थोडी वर यायला हवी. बाजूलाही लख्ख वाटली तर फटी पाहा : टेप चिकटलेली असते, किंवा जुन्या फोमचा भुगा आत गेलेला असतो. फटींवर हात धरून माइक पकडला तरी हेच होतं.

पुढे माइकचा स्वतःचा आवाज. दोन फुटांवरून कोणाला तरी बोलायला लावा आणि रेकॉर्डरच्या मीटरवर शिखरं −१२ डेसिबलवर येतील असा गेन (आवाज वाढवायचं बटण) ठेवा. गेन न हलवता माइक कपड्यांच्या कपाटात ठेवून मिनिटभर रेकॉर्ड करा. एकसारखी बारीक ‘स्स’ चालते. तडतड ऐकू आली तर ओल शिरली आहे. मेमध्ये हे क्वचित, जुलै-ऑगस्टमध्ये नेहमीचं. सेनहायझर एमकेएच ४१६ सारख्या आरएफ (रेडिओ फ्रीक्वेन्सीवर चालणाऱ्या) कंडेन्सर माइकला हा त्रास कमी. बाकीचे सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवा, हेअर ड्रायर मारू नका. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्यावर बॅग वीस-तीस मिनिटं बंदच राहू द्या, नाहीतर थंड धातूवर दव धरतं.

जागेवर पोचल्यावर माइक शॉटच्या उंचीवर धरा आणि कूलर, पंखा, फ्रीज एकेक बंद करत हेडफोनमध्ये ऐका. कूलरचा पंप टेकच्या बऱ्याच आधी बंद करा. ताट्यांतून पाणी नंतरही टपकत राहतं, आणि ती टपटप वरच्या पट्टीत असल्याने लो-कटने (खालचे सूर कापणाऱ्या फिल्टरने) जात नाही. पंखा मात्र टेकच्या तोंडावर बंद केला तरी चालतो. उघड्या भिंती आणि फरशीच्या छोट्या खोलीत भिंतींवरून परतलेला आवाज नळीत शिरून संवादाचा रंग बिघडतो. तिथे सतरंज्या अंथरा, किंवा सरळ नळी नसलेला हायपरकार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं टिपणारा माइक वापरा.

आणि फ्रीज बंद केलात तर गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवा. निघताना किल्ली काढायला जाल, तेव्हा तो सुरू करायचं आठवेल.