अंगणातला धूर: घरी मांस स्मोक करण्याची सुरुवात

रायगडात थंडी पडली की शेताच्या बांधावर पोपट्या लागतात. भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगांबरोबर मडक्यात भरलेली कोंबडी बाहेरच्या जाळावर शिजते, आणि आग व मांस यांच्यामध्ये मडक्याची भिंत उभी असते. तंदूरमध्ये याच्या उलट घडते. तिथे मांस थेट निखाऱ्यांसमोर येते आणि थोड्या वेळात खरपूस भाजून निघते. आज आपण पाहणार आहोत ते स्मोकिंग या दोन्हींहून वेगळे आहे. यात निखारे आणि मांस एकाच झाकणाखाली, परंतु एकमेकांपासून दूर ठेवलेले असतात, आणि मांस कित्येक तास साधारण ११० ते १२० अंश सेल्सियसच्या धुरकट, गरम हवेत सावकाश शिजत राहते.

पडद्यावर दिसणारी ही गोलाकार, झाकणाची शेगडी म्हणजे केटल ग्रिल. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे बोये तयार होत असत. तिथे काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ साली अशाच एका धातूच्या गोलाचे दोन भाग करून, एकाला पाय आणि दुसऱ्याला मूठ लावून ही शेगडी घडवली. तिच्या तळाशी एक आणि झाकणावर एक अशा दोन झडपा असतात. नवशिक्याने आपले सारे लक्ष या झडपांकडे द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मसाल्यांच्या चर्चा पुष्कळ होतात. पण ज्याला खालून येणारी हवा आवरता आली, त्याला मांस स्मोक करता आले.

शेगडी उघड्यावरच ठेवावी. बंद गॅलरीत किंवा गॅरेजमध्ये कोळसा पेटवणे जीवघेणे ठरू शकते, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो.

आता लाकडाकडे वळू. मुख्य उष्णता कोळशाची असते आणि लाकूड केवळ धुरासाठी, म्हणजे मुठीएवढे दोन-तीन तुकडे, लागते. परदेशातल्या पाककृतींत ओक, हिकरी, सफरचंद यांची नावे वाचून आपल्याकडचे हौशी लोक महागड्या पिशव्या मागवतात, आणि त्याची खरोखर गरज नसते. बागेत छाटणी झालेल्या आंब्याच्या, पेरूच्या किंवा चिकूच्या फांद्या सावलीत काही महिने वाळवल्या की उत्तम काम देतात. टेक्सासमध्ये ज्याचा धूर प्रसिद्ध आहे ते मेस्किट आणि आपल्या माळरानावर, रस्त्याकडेला माजलेली वेडी बाभूळ ही प्रोसोपिस या एकाच वनस्पती-वंशातली भावंडे आहेत. अमेरिका खंडातून एकोणिसाव्या शतकात भारतात आणलेले हे झाड इथे कुणाला नकोसे झाले आहे, पण स्मोकिंगसाठी ते हाताशी असलेले मोलाचे जळण आहे. त्याचा धूर उग्र असतो, म्हणून सुरुवातीला एकच लहान तुकडा वापरावा. रंग दिलेले लाकूड, प्लायवूड, खोक्यांच्या फळ्या आणि विषारी कण्हेर यांना मात्र शेगडीजवळही आणू नये. ढलप्या पाण्यात भिजवण्याचा सल्लाही अनेक जण देतात. त्याने लाकूड आधी वाफ सोडते आणि चांगला धूर उशिरा येतो, इतकेच.

कोळसा पेटवताना रॉकेल टाळावे, कारण त्याचा वास मांसात उतरतो. न पेटलेला कोळसा शेगडीच्या एका बाजूला रचावा, आठ-दहा तुकडे पत्र्याच्या उभ्या नळकांड्यात (चिमणी स्टार्टरमध्ये) वेगळे फुलवून, त्यांनी करडी राख धरली की या ढिगावर ठेवावेत, म्हणजे आग वरून खाली सावकाश सरकत जाते. दुसऱ्या बाजूला जाळीखाली पाण्याची परात आणि तिच्यावर मांसाची जागा ठेवावी. झाकणावरची झडप मांसाच्या बाजूला येईल असे झाकण बसवावे, म्हणजे धूर मांसावरून जाऊनच बाहेर पडतो. ही वरची झडप उघडीच ठेवून तापमान खालच्या झडपेने सांभाळायचे. शेगडीतल्या हवेचे तापमान दाखवणारा काटा ९० अंशांवर येताच खालची झडप अर्धी बंद करण्यास सुरुवात करावी. एकदा चढलेली उष्णता उतरवणे फार कठीण जाते.

आता झाकणातून निघणारा धूर जवळून पाहा. सुरुवातीचा हा दाट पांढरा धूर अर्धवट जळलेल्या लाकडाचा आहे आणि तो मांसाला कडू, जिभेवर चिकटून राहणारी चव देतो. दहा-पंधरा मिनिटांनी लाकडाला पुरेशी हवा मिळाली की तो विरळ होतो, उन्हात धरल्यास फिकट निळसर दिसतो आणि कधीकधी केवळ वासावरून जाणवतो. मांस शेगडीत ठेवण्याची वेळ तीच. अधिक धूर म्हणजे अधिक चव, या समजुतीने जितके मांस वाया गेले असेल, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने गेले असेल.

पहिल्या प्रयत्नासाठी कोंबडीच्या तंगड्या घ्याव्यात. आपल्याकडे दुकानदार न विचारता कातडी सोलून देतो, म्हणून कातडीसकट हव्यात हे आधीच सांगावे. कातडी मांसाला सुकू देत नाही. कोंबडीसाठी तापमान १५० अंशांच्या आसपास ठेवावे, नाहीतर कातडी रबरासारखी चिवट राहते. तासाभरात तंगडी तयार होते. हाडाला न टेकवता आत खुपसलेला थर्मामीटर किमान ७४ अंश दाखवेपर्यंत ती खाण्यास सुरक्षित मानू नये, आणि ८० ते ८५ अंशांवर ती अधिक मऊ लागते. रंगावर मात्र विसंबू नये. धुरातले नायट्रोजनचे वायू मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाशी संयोग पावतात आणि कडेला गुलाबी वलय तयार होते, त्यामुळे पूर्ण शिजलेले मांसही कच्चे वाटू शकते.

हात बसला की बोकडाचा खांदा हाडासकट घ्यावा. किलोला दहा ते बारा ग्रॅम मीठ आदल्या रात्री चोळून तो फ्रीजमध्ये ठेवावा, कारण मीठ आत मुरायला वेळ लागतो, तर मिरी, धने आणि तिखट हे बहुतांशी पृष्ठभागावरच राहतात. बोकडाच्या मांसात चरबी कमी, म्हणून वरून तुपाचा हात फिरवावा. तापमान ११० ते १२० अंश ठेवल्यास पाच-सहा तास लागतील असे धरून चालावे. साधारण ६५ ते ७० अंशांवर मांसात खुपसलेल्या थर्मामीटरचा काटा अडतो आणि तासभर हलतच नाही. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने हे घडते: पृष्ठभागावरचा ओलावा वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातो. अनेक जण इथे घाबरून कोळसा वाढवतात. त्यापेक्षा वाट पाहावी, किंवा मांसाला गडद तपकिरी रंग चढला असेल तर ते फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून परत ठेवावे. झाकण मात्र सारखे उघडू नये, कारण प्रत्येक वेळी उष्णता बाहेर जाते आणि ताज्या हवेने निखारे भडकतात.

या संथ उष्णतेत सांध्यांभोवतालच्या चिवट पडद्यांमधले कोलॅजन विरघळून त्याचे जिलेटिन होते आणि मांस ओलसर, लुसलुशीत लागते. आतले तापमान ९० ते ९५ अंशांच्या दरम्यान आले की सुई खुपसून पाहावी. ती लोण्यात जावी तशी शिरली आणि हाड हाताने हलू लागले, तर खांदा झाला. हाताला विरोध जाणवला तर काटा काहीही सांगो, आणखी अर्धा तास द्यावा. बाहेर काढल्यावर तो अर्धा तास झाकून ठेवावा आणि मगच धाग्यांना आडवे कापावे.

काम संपल्यावर दोन्ही झडपा पूर्ण बंद कराव्यात. हवा तुटताच आग विझते आणि उरलेला कोळसा राख झटकून पुढच्या वेळी वापरता येतो. राख दुसऱ्या दिवशी, ती पूर्ण थंड झाल्यावर, पत्र्याच्या डब्यात काढावी. राखेखाली एखादा निखारा बराच काळ जिवंत राहू शकतो, म्हणून ती वाळलेल्या गवतावर किंवा प्लॅस्टिकच्या बादलीत कधीही ओतू नये.