बोनटखालची हवा

[दृश्य : परभणी. मे महिन्यातली सकाळ, सात वाजलेत. अंगणात लिंबाखाली एक लाल हॅचबॅक, बोनट उघडं.]

परभणीत मे महिन्यात गाडीचं काम सातलाच धरावं लागतं. दहानंतर उन्हात पडलेला पाना हातात घेता येत नाही. मामांनी आदल्या रात्रीच बजावलं होतं, "गाडी सावलीत लावून ठेव अन् इंजिन रातभर गार होऊ दे. तापल्या इंजिनात मी हात घालत नसतो."

मामा तीस वर्षं फिटर आहेत. गाडी माझी, पेट्रोलची, बारा वर्षं जुनी. आणि खोक्यात आहे कोल्ड एअर इनटेक, इंजिनाला बाहेरची गार हवा पोचवायचा संच. म्हणजे ॲल्युमिनियमचा एक वाकवलेला पाईप, शंकूच्या आकाराचा फिल्टर, सिलिकॉनचे दोन जोड आणि चार क्लिपा. कंपनीचा काळा प्लॅस्टिकचा फिल्टर-डबा काढायचा आणि त्या जागी हे बसवायचं.

कशासाठी? एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. इंजिनात हवा मावते किती, ते सिलिंडरच्या मापावर ठरतं. पण त्या हवेत वजन किती, ते तिच्या तापमानावर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लक्षात ठेवायचा हिशेब सोपा आहे : हवा तीन अंशांनी गार झाली की साधारण एक टक्का दाट होते. ६० अंशांची हवा ४५ वर आली, तर तेवढ्याच जागेत पावणेपाच टक्के जास्त हवा बसते. शिवाय आत जाणारी हवा फार तापलेली असली की इंजिन ठोकायला लागतं, म्हणजे पेट्रोल सिलिंडरमध्ये भलतंच पेटून खडखड आवाज येतो. ते टाळायला गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठिणगीची वेळ मागे घेतो आणि गाडी मरगळते. दुपारी दोन वाजता एसी लावून चढावर गाडी घालणाऱ्याला ही मरगळ चांगली ओळखीची आहे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगायला हवी. छोट्या पेट्रोल गाडीत या पाईपानं फार मोठी ताकद येत नाही. फरक पडतो तो ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर. गावात तिसऱ्या गिअरमध्ये चालवताना हवा रोखून धरलेली असते ती थ्रॉटलनं, म्हणजे ॲक्सिलरेटरनं उघडणाऱ्या झडपेनं. तिथे फिल्टर कुठलाही असला तरी फारसा फरक नाही. मायलेज वाढेल म्हणून कुणी हे बसवणार असेल, तर त्यानं ते पैसे टायरला घालावेत.

आणि कायद्याचं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरबदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या गाडीचं काय, ते आधी आरटीओत विचारा. वॉरंटी चालू असेल तर शोरूमलाही विचारा.

[दृश्य : बॅटरीवर मामांचे हात.]

दहाचा पाना. बॅटरीची निगेटिव्ह आधी सुटते. मग फिल्टरच्या डब्यामागच्या नळीवरचा तो छोटा सेन्सर. याला एमएएफ म्हणतात. याच्या आत केसासारखी एक तार असते, ती तापवलेली असते. हवा वरून गेली की तार गार होते, आणि तिला पुन्हा तापवायला किती करंट लागला यावरून किती हवा आत गेली ते ईसीयूला कळतं. पेट्रोल किती सोडायचं, ते त्यावर ठरतं. कनेक्टर काढताना मामा वायर ओढत नाहीत. अंगठ्यानं खटका दाबतात, कनेक्टर आपोआप हातात येतो.

"तारेला बोट लावू नको," ते म्हणाले. "फुंकरपण मारू नको."

दोन स्क्रू काढून सेन्सर बाहेर आला आणि स्वच्छ रुमालात गेला. मग ब्रीदरची नळी (इंजिनातली वाफ परत हवेच्या वाटेत आणणारी), मोठ्या नळीची क्लिप आणि डब्याचे दोन बोल्ट. डबा खाली रबरी बुशांत बसलेला असतो; सरळ वर उचलला की सुटतो. तो निघाल्या निघाल्या मामांनी पहिलं काय केलं, तर थ्रॉटलच्या उघड्या तोंडात धुतलेलं फडकं खोचलं. या घडीला एखादा वॉशर आत पडला, तर पुढचं काम सरळ इंजिन खोलण्याचं असतं.

नव्या पाईपला सेन्सर बसवताना दोन गोष्टी बघितल्या. सेन्सरवरचा बाण इंजिनाच्या दिशेला हवा. आणि सेन्सर जिथे बसतो तिथे पाईपचा आतला व्यास जुन्याइतकाच हवा. पाईप तिथे रुंद असेल तर तीच हवा तारेवरून हळू जाते, सेन्सर ती कमी मोजतो आणि इंजिनाला पेट्रोल कमी पडतं. मामांनी व्हर्निअर लावून दोन्ही मापं घेतली. बाजारात कुठल्याही गाडीला चालेल म्हणून जे पाईप विकतात, ते नेमके इथे दगा देतात.

फिल्टर कुठे ठेवायचा यावर आमचा थोडा वाद झाला. बंपरच्या आत, खाली ठेवला तर सगळ्यात गार हवा मिळते, असं मी म्हणत होतो. मामा म्हणाले, "अन् पावसाळ्यात फरशी पुलावरनं पाणी चाललेलं असलं म्हणजे?" पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाद तिथेच मिटला. फिल्टर हेडलाइटच्या मागे, उंचावर बसला.

[आवाज : इंजिन सुरू होतं. आरपीएम वरखाली.]

साडेनऊला चावी फिरवली. आरपीएमचा काटा आठशेवरून पंधराशेवर जाई, पुन्हा खाली येई. मोजल्याशिवाय कुठून तरी हवा आत शिरतेय, याची ही खूण. असंच चालवलं असतं तर चेक इंजिनचा दिवा लागला असता आणि स्कॅनरवर पी०१७१ हा कोड आला असता : हवा जास्त, पेट्रोल कमी.

गळती शोधायला काही ठिकाणी चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडतात. ते कधीही करू नका. मामांनी बागेच्या पाईपाचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं एकेका जोडावरून फिरवत नेलं. ब्रीदरच्या नळीपाशी थांबले. मलाही ऐकवलं : बारीक, एकसुरी शिट्टी. जुनं रबर नव्या निपलवर ताणताना नखाएवढं चिरलं होतं. तेवढं टोक कापलं, नळी पुन्हा चढवली, क्लिप लावली. काटा आठशेवर थांबला.

[दृश्य : डॅशबोर्डखाली ओबीडी रीडर, मोबाइलवर आकडे.]

खरं काम यानंतर सुरू झालं. हवा गार झाली का, हे पाईप चकाकतो म्हणून मानायचं नसतं. गाडीतच आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर असतो, आणि छोटा ओबीडी रीडर लावला की तो आकडा मोबाइलवर दिसतो. जुन्या डब्याचे आकडे आम्ही आदल्या दुपारीच घेऊन ठेवले होते. गंगाखेडच्या रस्त्यावर, बाहेर ४२ अंश असताना, चालत्या गाडीत ४९. गोदावरीच्या पुलाअलीकडे पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून थांबलो तेव्हा ५८.

आता त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला, नवा फिल्टर. चालताना ५१. थांबल्यावर ७१.

म्हणजे कोल्ड एअर म्हणून आणलेला इनटेक जुन्या डब्यापेक्षा तेरा अंश गरम हवा पीत होता. कारण डोळ्यांसमोर होतं. कंपनीचा डबा बंद असतो आणि त्याचं नाक ग्रिलच्या मागे, बाहेरच्या हवेत असतं. आम्ही तो डबा काढून उघडा फिल्टर रेडिएटरच्या झळेत ठेवला होता. मला मनापासून वाटतं, जुन्या डब्याला कुणी नावं ठेवू नयेत. तो विचार करून घडवलेला असतो.

यावर उपाय निघाला तो कूलर बनवणाऱ्या चाचांकडे.

[दृश्य : पत्र्याचं दुकान. रांगेत उभे अर्धवट कूलर, कोपऱ्यात गवताच्या जाळ्या.]

उन्हाळ्यात चाचांना मान वर करायला वेळ नसतो. तरी बोनट उघडून त्यांनी नीट बघितलं. "झळ इकडून येते, वारा तिकडून," एवढंच म्हणाले आणि फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा मागितला. पुठ्ठा फिल्टरभोवती धरून, कापून, पुन्हा धरून आधी फर्मा बनवला. इंजिन चालू-बंद होताना हलतं, म्हणून पाईपभोवती बोटभर मोकळी जागा सोडायला मामांनी सांगितलं. मग फर्म्यावरून जीआय पत्रा कापला. कडा हातोडीनं दुमडल्या, कारण कापलेली कड रबराला करवतीसारखी खाते. वरच्या कडेला दरवाजाचं रबरी बीडिंग बसवलं. बोनट बंद झालं की ते दबतं आणि झळेला फट राहत नाही. पुढच्या बाजूला ग्रिलच्या दिशेनं तोंड मोकळं ठेवलं आणि तिथे जुन्या डब्याचंच नाक जोडलं.

तिसऱ्या दुपारी पुन्हा तोच रस्ता. चालताना ४७, थांबल्यावर ५९. जुन्या डब्यापेक्षा चालताना दोन अंश कमी, थांबल्यावर एक अंश जास्त. दोन अंश म्हणजे पाऊण टक्काही नाही. आवाज मात्र बदलला. पूर्ण ॲक्सिलरेटरवर हवा ओढल्याचा भरदार आवाज येतो, कारण आवाज दाबणारा डबा आता नाही. तो आवाज मला आवडतो. पण बारा अंश खाली आणले ते दुकानातल्या पाईपानं नाही, चाचांच्या पत्र्यानं.

उष्णतेइतकीच आपल्याकडे धूळ बघावी लागते. मे महिन्यात नांगरलेली रानं उघडी असतात, वावटळी उठतात. परळीकडे जावं तर थर्मलच्या, म्हणजे औष्णिक वीज केंद्राच्या, राखेचे टिप्पर पुढे असतात. त्या राखेत सिलिका असते, आणि तिचे कण सिलिंडरला पॉलिश पेपरसारखे घासतात. म्हणून आम्ही तेल लावायचा फिल्टर घेतला नाही, कोरडा घेतला. तेल जास्त झालं तर ते उडून एमएएफच्या तारेवर बसतं आणि वर धूळ चिकटते. जुना डबा कागदी फिल्टरसकट पोत्यात बांधून माळ्यावर ठेवला आहे. लागला तर अर्ध्या तासात परत बसतो.

[दृश्य : पंधरा दिवसांनी. तेच अंगण.]

पंधरा दिवसांनी मामांनी फिल्टर काढला. बाहेरून तो मातीच्या रंगाचा झाला होता, घड्यांमध्ये लिंबाची एक वाळकी काडी. ते त्यांनी बघितलंच नाही. पांढरं फडकं बोटाला गुंडाळलं आणि फिल्टरच्या पलीकडे, पाईपच्या आतून गोल फिरवलं. उजेडात धरलं. फडक्यावर भुरकट रेघ होती.

फिल्टर फाटलेला नव्हता. मानेवरची क्लिप उष्णतेनं अर्धा आटा ढिली झाली होती, तिथून धूळ सरळ आत जात होती. मामांनी पाईप आतून पुसला, फिल्टर शेवटपर्यंत दाबून बसवला, क्लिप आवळली आणि तिच्या स्क्रूवर पांढऱ्या रंगाची खूण केली. पुढच्या रविवारी पुन्हा फडकं फिरवलं. उलटसुलट करून माझ्या हातात दिलं. कोरं होतं.