गिटारचे अनेक आवाज, एक पातळी

नमस्कार श्रोतेहो. गणेशोत्सव जवळ आला की सांगली, मिरज आणि कुपवाडच्या गल्ल्यांतून ऑर्केस्ट्रांच्या तालमी ऐकू येऊ लागतात. मी स्वतः अनेक वर्षे या भागातल्या मंचांवर इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आणि तरुण गिटारवादक मला हमखास एकच प्रश्न विचारतात : घरी सगळे पॅच, म्हणजे यंत्रात साठवून ठेवलेले गिटारचे वेगवेगळे आवाज, नीट बसवलेले असतात, मग मंचावर एक आवाज गायब आणि दुसरा कानठळ्या बसवणारा, असे का होते? आजच्या भाषणात मी याच प्रश्नाचा विचार करणार आहे.

आरंभी एक खुलासा करतो. मराठीत ‘आवाज’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. गिटारचा आवाज गोड आहे असे म्हणतो आणि आवाज कमी कर असेही म्हणतो. आज मी पहिल्या अर्थासाठी ‘टोन’ आणि दुसऱ्यासाठी ‘पातळी’ हे शब्द वापरेन, कारण सगळा घोटाळा या दोहोंच्या गुंतागुंतीतच आहे.

काही वर्षांपूर्वी एका मंडळाच्या कार्यक्रमात मी मुखड्याला डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटवलेला खरखरीत टोन, आणि अंतऱ्याला क्लीन, म्हणजे न फाटलेला स्वच्छ टोन ठेवला होता, त्यावर अनेक गिटार एकत्र वाजल्याचा भास देणारा कोरस लावून. आदल्या रात्री हेडफोन लावून मी दोन्हींची पातळी अगदी सारखी केली होती. प्रत्यक्षात अंतरा सुरू झाला आणि ढोलकी व कीबोर्डच्या गजरात माझी गिटार इतकी बुडाली की गायिकेने वळून माझ्याकडे पाहिले. साउंडवाल्या दादांनी माझा फेडर, म्हणजे मिक्सरवरची पातळीची सरकपट्टी, वर नेला, आणि पुढच्या मुखड्याला मी पेडल दाबताच पहिल्या रांगेतल्या मुलांनी कानांवर हात ठेवले. चूक दादांची नव्हती. चूक रात्रीच्या त्या हेडफोनमध्ये होती, आणि ती मला पुष्कळ उशिरा समजली.

मिरजेला तंबोरा बनवणाऱ्या कारागिराकडे जवारी काढताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. घोडीचा माथा घासून आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून तो तारेच्या नादात वरचे स्वर जागे करतो. तार पूर्वीइतक्याच हलक्या बोटाने छेडली जाते, तरीही ती खोलीभर पसरल्यासारखी वाटते. म्हणजे कानाला जाणवणारी पातळी केवळ जोरावर अवलंबून नसते, ती टोनच्या घडणीवरही अवलंबून असते. सेकंदाला सुमारे २ ते ५ हजार कंपने असलेल्या पट्ट्यात आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि डिस्टॉर्शन जे वरचे स्वर निर्माण करते त्यांतले बरेचसे नेमके याच पट्ट्यात येऊन पडतात.

डिस्टॉर्शन आणखी एक गोष्ट करते. ते लहरींचे शेंडे छाटते. क्लीन टोनमध्ये नखीचा आघात क्षणभर उंच उसळतो आणि लगेच खाली येतो, तर डिस्टॉर्शनचा स्वर एकदा लागला की त्याच उंचीवर भरभक्कम टिकून राहतो. त्यामुळे मिक्सरचे दिवे दोन्ही वेळा सारख्याच खुणेपर्यंत पेटले, तरी क्लीन टोनची सरासरी पातळी पुष्कळ खाली असते. कान मुख्यतः सरासरी मोजतो, दिवे शेंडे मोजतात. म्हणूनच दिव्यांवर भरवसा ठेवून पॅच बसवणाऱ्याची फसगत ठरलेली असते.

आता हेडफोनकडे येतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी कानाच्या या स्वभावाचे मोजमाप केले आणि १९३३ मध्ये ते प्रसिद्ध केले. पातळी कमी असली की खर्ज आणि अगदी वरचे स्वर आपल्याला प्रमाणाबाहेर क्षीण ऐकू येतात, आणि पातळी वाढवली की ते भराभर पुढे येतात. घरात ७० डेसिबलच्या आसपास वाजवताना आपण खर्ज वाढवतो, तिखटपणा वाढवतो, मधला भाग कमी करतो आणि टोन भारदस्त झाल्याचे समाधान मानतो. तोच पॅच मंचावर ९५ डेसिबलला गेला की खर्ज बेस गिटारशी आणि ढोलकीच्या धुमाशी भांडू लागतो, तिखटपणा टोचतो, आणि गिटारचे खरे अंग असलेला मधला भाग तर आपणच काढून टाकलेला असतो. अशा वेळी पातळी वाढवून काहीही साधत नाही. मधला भाग परत आणावा लागतो.

माझी पद्धत सांगतो. मी आधी क्लीन टोन बसवतो, कारण त्याचे शेंडे उंच असल्यामुळे त्यालाच वर जायला सर्वांत कमी जागा असते. तो न फाटता जितका वर नेता येईल तितका नेतो आणि बाकीचे सर्व टोन खाली आणून त्याच्याशी जुळवतो. खाली आणताना गेनच्या, म्हणजे डिस्टॉर्शन किती चढवायचे हे ठरवणाऱ्या नॉबला हात लावत नाही, कारण गेन कमी केला की डिस्टॉर्शनचा पोतच बदलतो. डिस्टॉर्शननंतर येणारा लेव्हलचा किंवा पॅचच्या पातळीचा नॉब फिरवतो. सोलोसाठी बूस्ट, म्हणजे सिग्नलचा जोर वाढवणारे पेडल, लावतानाही हाच विचार करावा लागतो. बूस्ट डिस्टॉर्शनच्या आधी लावला तर स्वर अधिक दाट होतो, मोठा फारसा होत नाही, आणि मोठा व्हायला हवा असेल तर तो डिस्टॉर्शननंतर लावावा लागतो. सोलोला ३ ते ४ डेसिबल पुरतात. १० डेसिबल वाढवले तर तो कानाला जवळजवळ दुप्पट वाटतो आणि गायकाच्या अंगावर जातो. दोन गिटार बदलून वाजवणाऱ्यांनी मात्र पॅचना हात लावण्याआधी पिकअपची, म्हणजे तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकी गुंडाळ्यांची उंची पाहावी. दोन गुंडाळ्यांचा हमबकर सहसा एका गुंडाळीच्या सिंगल कॉइलपेक्षा जोरकस असतो आणि स्क्रूने तो थोडा खाली उतरवला की अर्धे काम होते.

ही जुळणी कार्यक्रमाच्या पातळीवरच करावी लागते, पण तासन्तास नव्हे. ९४ डेसिबलला दिवसातून १ तासापेक्षा जास्त राहू नये, अशी अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे. शिवाय थकलेला कान तिखटपणा ओळखतच नाही आणि आपण तो वाढवत राहतो. म्हणून मी वीस मिनिटे जुळणी करतो, चहा घेतो आणि पुन्हा ऐकतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे हेही ध्यानात ठेवून तालमीची जागा आधीच ठरवावी.

शेवटची गोष्ट ऐकण्याच्या जागेची. गिटारच्या ॲम्प्लिफायरचा बारा इंची स्पीकर वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर फेकतो. तो जमिनीवर ठेवून आपण शेजारी उभे राहिलो तर तो झोत आपल्या गुडघ्यांवरून जातो आणि समोरच्या श्रोत्याच्या कानावर पडतो. यासाठी मी साउंड चेकच्या वेळी एखाद्या विद्यार्थ्याला गिटार देतो, त्याच चार ओळी प्रत्येक पॅचवर वाजवायला सांगतो आणि स्वतः मांडवाच्या मध्यावर जाऊन उभा राहतो. ढोलकी, कीबोर्ड, बेस सगळे वाजत असले पाहिजेत, कारण एकटी गिटार ऐकून केलेली जुळणी वाद्यमेळ्यात टिकत नाही. पॅच बदलला तरी गिटार जागची हलली नाही असे तिथे वाटले, की मी विद्यार्थ्याला हात करतो आणि तो प्रत्येक पॅच सेव्ह करून ठेवतो. मग मी साउंडवाल्या दादांना विनंती करतो की कार्यक्रम संपेपर्यंत माझा फेडर आहे तिथेच राहू द्यावा. नमस्कार.